ओढ्यावरची बाळंतीण

उजव्या हाताचा पंजा उघडायचा, छातीसमोर धरायचा आणि समोरच्याला जागच्या जागी उभं करायचं, ही सिस्टरांची खूण. पंजा दिसला की प्रसूतिकक्षाच्या दाराशी आलेली सासू थांबायची, पेढ्यांचा पुडा घेऊन घुसू पाहणारा बाप थांबायचा, आणि गावचा सरपंचही चपला काढता काढता थांबायचा. मग सिस्टर सावकाश म्हणायच्या, "तिचं तिला ठरवू द्या. घाई तुम्हाला हाय, तिला न्हाई."

लोहा तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात त्या प्रसूतिकक्ष सांभाळायच्या आणि मी औषधांच्या खिडकीत बसायचो. माझी खिडकी त्यांच्या दाराच्या बरोबर समोर. नोकरीतली बरीच वर्षं मी तो पंजा बघत काढली. तुम्हीही अशा सिस्टर कुठे ना कुठे पाहिल्या असतील. अंगानं लहान, आवाजानं त्याहून लहान, आणि तरी सगळा व्हरांडा ज्यांच्या धाकात असतो अशा. आमच्या सिस्टरांना त्यांच्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांचे यजमान एसटीत चालक होते, तेसुद्धा डबा द्यायला आले की व्हरांड्यातून "सिस्टर, डबा" असंच म्हणायचे. मला त्या 'गोळीवाले' म्हणायच्या. माझी पदवी, माझा पांढरा कोट, यांपैकी कशाचाही त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

बाळंतिणीच्या नातेवाइकांना गुंतवून ठेवायची त्यांची एक युक्ती होती. फार अस्वस्थ नातेवाईक दिसला की त्या त्याला गरम पाणी आणायला पिटाळायच्या. एक पातेलं आलं की दुसरं. दुसरं आलं की "अजून कडक लागंल." माणूस बिचारा चहाच्या गाड्यावर आणि व्हरांड्यात घिरट्या घालत राहायचा आणि तेवढ्यात आत लेकरू रडायचं. इतकं पाणी आत कशाला लागतं, असं मी एकदा विचारलं. "आत कशाला लागंल? आपल्या चहाला होतं की," त्या म्हणाल्या.

ताईत, गंडे, लिंबू-मिरच्या, उशाखाली ठेवायचा कोयता, असलं काही त्यांनी कक्षाच्या आत येऊ दिलं नाही. त्या बौद्ध घरातल्या, सकाळी वंदना करून कामावर येणाऱ्या, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यावर त्यांचा राग होता. एका गोष्टीला मात्र त्यांनी मुभा दिली होती. आपल्याकडे घरात बाळंतीण असली की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात. तो दिसला की येणारा-जाणारा समजतो, आत ओली बाळंतीण आहे, गलका करायचा नाही, उगीच आत शिरायचं नाही. सिस्टर स्वतःच रुग्णालयाच्या मागच्या झाडाचा डहाळा तोडून कक्षाच्या दाराला बांधायच्या. तुम्ही हे मानता का, असं नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मी न्हाई मानत. पन लोक मानतात. 'प्रवेश बंद'ची पाटी लावली तर वाचून आत येतात. लिंब बघून आत कोनी येत न्हाई."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही शाल दिली, फोटो काढले, आणि आता सिस्टर लातूरला लेकाकडे जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. लेकानं त्यांच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतली होती. पण यजमान तोवर गेले होते, आणि गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचं शेत होतं, शेतात दोन खोल्यांचं घर होतं. शेजारच्या घरात त्यांचा धाकटा दीर राहायचा. शेत तोच कसायचा. सिस्टर तिथं जाऊन राहिल्या. लेक वर्षभर चिडलेलाच होता. मग त्यानं माझ्यावर एक काम सोपवलं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर पोचवायच्या आणि आई त्या घेते की नाही ते बघून यायचं. अशा रीतीनं माझे रविवार ओढ्यावर जाऊ लागले.

पहिल्या रविवारी मी पोचलो तर सिस्टर अंगणात चपला घालून तयारच उभ्या होत्या. गोळ्यांची पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली. "चला, राउंडला," म्हणाल्या.

चैत्राचे दिवस होते. दिवसभर भाजून काढणारं ऊन यायच्या आधीचा सकाळचा तो तास दीड तास आमच्या भागात खरोखर सुखाचा असतो. कडुलिंबाला मोहर आलेला, करंजाला कोवळी पानं फुटलेली. ओढा तसा लहान. लांब उडी मारणारा माणूस पार करील एवढाच. शेताकडच्या काठाला काळ्या मातीखाली चुनखडीचा पांढरा थर आहे. त्यामुळे पाणी काचेसारखं स्वच्छ, तळातले गोटे पांढरे, आणि सिस्टरांच्या चहाच्या भांड्याला आतून पांढरं पुट. हे पाणी पिऊन मुतखडा होईल, असं मी म्हणालो. वीस गावच्या बाया ह्याच पाण्यावर बाळंत झाल्या, असं त्या म्हणाल्या. या वादाचा निकाल कधी लागला नाही.

ओढा ओलांडून आम्ही पलीकडं गेलो. तिथल्या काठावरच्या करंजाखाली एक गोणपाट अंथरलेलं होतं. त्यावर आम्ही बसलो. समोरच्या, शेताकडच्या काठावर गुडघाभर वाळलं गवत, त्यात बोरीची आणि घाणेरीची झुडपं, आणि एका बोरीच्या बुडाशी, चुनखडीच्या थरात, मोसंब्याएवढं भोक. मी विचारलं, काय बघायचं? पंजा वर आला. मी गप्प बसलो. डास चावत होते. एक टिटवी आमच्यावर ओरडत वर फिरत होती, इथं माणसं बसलीत असं साऱ्या शिवाराला सांगत होती. सिस्टर पुटपुटल्या की ही टिटवी नणंदेच्या जातीची आहे, घरातलं काही लपू देत नाही.

मग मुंगूस आलं. मुंगूस मी हजार वेळा पाहिलं होतं. म्हणजे रस्ता ओलांडणारी करडी शेपटी पाहिली होती. तुम्हीही तेवढीच पाहिली असेल. इथं ते निवांत होतं. पाण्याच्या कडेनं नाक जमिनीला लावून चाललं, एक गोटा पंजानं उलटवला, खालचा खेकडा ओढून काढला आणि मागं सरकत सरकत त्याच्या नांग्या आधी तोडल्या. मग मागच्या पायांवर उभं राहून चौफेर बघून घेतलं, आणि बसून कटाकटा खाल्लं. आवाज आमच्यापर्यंत येत होता. मला लहानपणची सवय आठवली. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ, म्हणून आम्ही पोरं 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव' म्हणत त्याच्यामागं पळायचो. मी ते सिस्टरांना सांगितलं.

"तोंड कशाला मागता?" त्या म्हणाल्या. "पोट बघा. पोट उतरलंय तिचं."

ती मादी होती आणि तिला दिवस गेले होते, हे सिस्टरांनी असं जाहीर केलं. पुढच्या रविवारपर्यंत मोकळी होईल, असंही वर सांगितलं. पुढच्या रविवारी बघतो तर पोट होतं तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. रुग्णालयात ज्यांचा अंदाज सहसा चुकत नसे त्या बाई एका मुंगसापुढं साफ चुकल्या, याचा मला फार आनंद झाला आणि मी तो लपवला नाही. सिस्टर शांत होत्या. "तारीख चुकली तर मोजणाऱ्याची चुकली. आईची चुकत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

ती मोकळी झाली ते आम्हाला आधी कळलंच नाही. दोन-तीन आठवडे ती बाहेर फार दिसेना. मग एका सकाळी बिळाच्या तोंडाशी एक लहानसं नाक आलं, मागं गेलं, पुन्हा आलं, त्याच्या बाजूला दुसरं आलं. सिस्टरांनी माझं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असा हात लावला नव्हता. हजारो लेकरं त्यांच्या हातावर झाली असतील, पण त्या सकाळी त्या जेवढ्या खूश होत्या तेवढं खूश मी त्यांना कक्षाच्या दारात कधी पाहिलं नव्हतं. तिसरं पिल्लू दिसल्यावर तर त्यांनी डोळेच पुसले. कक्षात त्यांच्या अंगावर जबाबदारी होती, इथं नुसतं बघायचं होतं. मला वाटतं, फरक तेवढाच.

आता त्यांच्या दिराबद्दल सांगतो. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. राबणारा, कमी बोलणारा, वहिनीला आईच्या जागी मानणारा. दर वर्षी उन्हाळ्यात, नांगरटीच्या आधी, तो ओढ्याचा काठ पेटवायचा. आमच्याकडे बहुतेक सगळेच धुरे, म्हणजे शेताचे बांध, आणि ओढ्याचे काठ असे जाळतात. गवत जातं, काटेरी झुडपं जातात, साप निघून जातात. आदल्या वर्षी वहिनींच्या सांगण्यावरून त्यानं काठ जाळला नाही. त्याच पावसाळ्यात पाण्यावर उतरताना त्या गवतात त्याच्या गाईला साप चावला. देवणी गाय, देवणीच्या बाजारातून कालवड म्हणून आणलेली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. संध्याकाळपर्यंत ती गेली. तिच्या मागं राहिलेलं वासरू त्यानं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ते आता पाणी प्यायला त्याच वाटेनं उतरायचं.

तो अंगणात आला तेव्हा मी तिथंच होतो. येत्या रविवारी काठ पेटवतो, नांगरटीचा ट्रॅक्टर सोमवारी येणार, असं त्यानं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, बोरीखाली बाळंतीण आहे, पिल्लं अजून पळण्याजोगी झाली नाहीत. थोडं थांबा. तो बराच वेळ पायानं माती उकरत राहिला.

"वैनी, मुंगूस तर मागंबी होतं की तिथं," तो म्हणाला. "गाय वाचली का?"

 सिस्टरांचा पंजा वर आला नाही. तुमचं खरं आहे, एवढंच म्हणाल्या, आणि तो गेल्यावर भाकरीचं पीठ मळायला बसल्या. पीठ गरजेपेक्षा फार वेळ मळलं गेलं. मला सिस्टरांची काळजी वाटली. दिराला दुखवायचं नव्हतं, त्याच्या गाईचं पाप त्यांच्या मनात सलत होतंच, आणि पिल्लं तर बिळात होती. वनखात्याला फोन करू का, असं मी विचारलं. घरातल्या भांडणात पोलीस आणणारी सून आणि तुम्ही सारखेच, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

त्या आठवड्यात त्यांनी केलं ते एवढंच. एक लांब काठी घेतली, तिच्या टोकाला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि काठी बोरीशेजारी रोवली. शेळ्या वळणाऱ्यांनी तरी तिकडं फिरकू नये, हा त्यातला उघड हेतू. मनात आणखी काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "भावजीला दिसंल. त्याची लेकरंबी ह्याच हातावर झालीत."

रविवारी मी पहाटेच निघालो. करंजाखाली आम्ही बसलो होतो. आई शिकारीला गेली होती, पिल्लं आत होती. थोड्या वेळानं दीर काठानं येताना दिसला. काखेत पळाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा, खांद्यावर आग आवरायला भिजवलेलं पोतं. डहाळ्याकडे त्यानं पाहिलं, आणि पाहिलं नाहीसं केलं. बोरीपासून थोडं दूर, वाऱ्याच्या बाजूला तो बसला आणि पळाट्या मांडू लागला. सिस्टरांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या उठल्या नाहीत. त्या उठल्या असत्या तर त्यानं पेटवलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि वहिनीच्या शब्दाखातर पुन्हा एकदा थांबून पुन्हा एक जनावर गेलं तर, हेही ठाऊक होतं.

त्याच वेळी पलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी आणि तिची सून ओढ्यात उतरल्या. म्हातारीच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट, सुनेच्या हातात पाण्याची कळशी. दोघी पाण्यातून सावकाश चालत बोरीकडे आल्या. पळाट्यांना नुकतीच काडी लागली होती. म्हातारी जागीच उभी राहिली.

"आरं, आत बाळंतीण हाय आन तू आग लावून राहिला?"

दीर ताडकन उठला. कोण बाळंतीण, असं त्यानं विचारलं. लिंबाचा डहाळा दिसत नाही का, डोळे फुटले का, असं म्हातारीनं विचारलं. मग माझ्या लक्षात आलं काय झालं होतं ते. बोरीच्या मागं वर एक पडकी पत्र्याची कोपी, म्हणजे झोपडी, आहे. मागं कधीतरी वीटभट्टीची माणसं तिच्यात उतरली होती. म्हातारीनं पलीकडून दोन दिवस डहाळा पाहिला आणि समजली की कोणीतरी परगावची बाई कोपीत बाळंत झाली. आमच्या भागात अशा बाईला जवळच्या वस्तीनं काहीतरी करून न्यायचं असतं. तिचं माहेर लांब असतं ना. म्हातारी तिचा बाळंतविडा घेऊन आली होती.

दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं भिजलं पोतं पळाट्यांवर आपटलं, वर उभं राहून पायानं विझवलं, आणि कोपीकडे तोंड करून "बाई, भायेर या, बाई, काय भेऊ नका" असं ओरडू लागला. मला हसू आवरेना. सिस्टरांचा पंजा माझ्या तोंडासमोर आला आणि त्या उठल्या. पदर सावरत पाणी ओलांडून गेल्या. मीही मागोमाग गेलो.

"बाळंतीण हाय, माय," त्या म्हातारीला म्हणाल्या. "पन माणसाची न्हाई." आणि त्यांनी बोरीचं बूड दाखवलं.

आता या बाईचा अपमान झाला, असं मला वाटलं. गरिबाघरचं तूप, खोबरं, कुठून कुठून जमवलेलं, आणि ते निघालं मुंगसासाठी. म्हातारी बिळाकडे बघत राहिली. किती झाली, असं तिनं विचारलं. तीन दिसली, सिस्टर म्हणाल्या. सगळी धड आहेत का? आहेत. म्हातारीनं मान हलवली, खाली बसली आणि ताटावरचं फडकं काढलं. खोबऱ्याची वाटी, गुळाचा खडा, थोडा डिंक, थोडे अळीव, आणि जुन्या लुगड्याच्या कापडाचं शिवलेलं एक टोपडं. टोपडं तिनं सिस्टरांच्या हातात दिलं, कोणातरी लेकराच्या डोक्याला होईल म्हणाली. बाकीचं बिळाजवळच्या सपाट दगडावर ठेवलं. सून हळूच म्हणाली, अहो आत्या, मुंगसाला अळीव कशाला.

"बाळंतिणीच्या नावानं काढलेलं माघारी न्हेत न्हाईत," म्हातारी म्हणाली. "हिच्या नावानं निघालं, हिचं झालं."

मग ती दिराकडे वळली. बाळंतविडा ठेवलेल्या जागेला आता तो आग लावणार का, असं तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दिरानं काडेपेटी खिशात घातली.  "माझी गाय गेली, माय," तो म्हणाला. "त्याचं कोनाला काय न्हाई."

त्याचं कोणाला काही नाही हे खरं नव्हतं, पण त्याला तसं वाटत होतं आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. सिस्टर त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या पायाशी पडलेलं पोतं उचललं.

"भावजी, तुमच्या वासराच्या वाटंवरचं गवत समदं कापू," त्या म्हणाल्या. "पार पाण्यापतूर. आजच कापू. इळे काढा."

आणि खरोखरच कापलं. साठी ओलांडलेल्या त्या बाईनं आमच्या बरोबरीनं, किंबहुना माझ्या दुपटीनं कापलं. म्हातारीची सून थोडा वेळ हातभार लावून गेली. वासराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा झाली. माझ्या हाताला फोड आले. गोळीवाल्याला इळा बाधला, असं सिस्टर महिनाभर सांगत होत्या. दगडावरचा गूळ मुंग्यांनी नेला, खोबरं कावळ्यानं नेलं. "पोचलं म्हनायचं," सिस्टर म्हणाल्या.

आता यात गंमत अशी की आमच्या विळ्यांच्या आवाजानं म्हणा किंवा कशानं, त्या मुंगसानं दोन दिवसांत बिऱ्हाड बदललं. सकाळी सकाळी दीर वहिनींच्या दाराशी धावत आला. ती एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन आली आणि त्याच्याच गोठ्याशेजारच्या कडब्याच्या गंजीत शिरली. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. "वैनी, ती घरीच आली की," तो म्हणत होता. पुढचे कितीतरी दिवस त्यानं कडबा गंजीच्या एकाच बाजूनं काढला, दुसऱ्या बाजूला कोणाला जाऊ दिलं नाही. दुपारी बादली पालथी घालून तो तिथं बसायचा. मी गेलो की मला बातम्या द्यायचा. आज उंदीर आणला, आज पिल्लं शेपट्या धरून खेळली, आज एक बाहेर येऊन वासराच्या पायापर्यंत गेलं. सिस्टर ऐकून घ्यायच्या. आपण हे आधीच पाहिलं आहे, असं त्यांनी त्याला एकदाही सांगितलं नाही. पावसाळा लागायच्या सुमाराला पिल्लं मोठी झाली आणि सगळी पुन्हा ओढ्याकडे गेली.

त्यानंतर ओढ्यावर गोणपाटं दोन झाली. सिस्टरांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला दीर. त्याला साप दिसायचे, मला डास दिसायचे, आणि मुंगूस नेहमी सिस्टरांना आधी दिसायचं. आम्ही त्यांच्या बोटाकडे बघायचो आणि बोटाच्या रोखानं पुढं बघायचो, की ते असायचंच. इतकं सोपं झालं होतं ते, की मुंगूस बघणं म्हणजे सिस्टरांच्या शेजारी बसणं, असंच आम्हाला वाटू लागलं.

थंडीत सिस्टर गेल्या. छातीत दुखलं म्हणून नांदेडला नेलं, लेक लातूरहून येईपर्यंत त्या शुद्धीवर होत्या, त्याच्याशी बोलल्या, आणि पहाटे गेल्या. गोळ्या त्या नियमित घेत होत्या. हे मी लेकाला सांगितलं, कारण ते सांगणं एवढंच माझ्या हातात होतं. शेतातल्या त्या दोन खोल्यांसमोर किती बाया जमल्या होत्या म्हणून सांगू. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाची लेकरं कॉलेजात गेलेली. ओढ्यापलीकडची म्हातारीही आली होती. मला रडू आलं आणि मी रडलो. माझ्या ओळखीत एवढं ठाम, एवढं सरळ आणि एवढं मजेदार माणूस दुसरं नव्हतं, आणि अजूनही नाही.

यंदा चैत्र लागला तशी रविवारी सकाळी मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. द्यायच्या गोळ्या नव्हत्या. तरी मोटारसायकल काढली. दोन खोल्यांना कुलूप होतं. गोठ्यात वासरू नव्हतं, चरायला सोडलं होतं. आता त्याला वासरू म्हणणं बरोबर नाही, चांगली कालवड झाली आहे ती. शिवारातले बहुतेक धुरे जळून काळे झाले होते. ओढ्याचा काठ मात्र उभाच होता. कालवडीची वाट स्वच्छ कापलेली आणि तिच्या पलीकडे कमरेएवढं वाळलं गवत, बोरी, घाणेरी, सगळं जसंच्या तसं.

दीर करंजाखाली बसला होता. मला बघून त्यानं गोणपाटाचा अर्धा भाग मोकळा केला.  पाणी स्वच्छ होतं, पांढरे गोटे दिसत होते. टिटवी ओरडून ओरडून थकली. ऊन करंजाच्या बुंध्यापर्यंत आलं. एकही मुंगूस दिसलं नाही.

"रोज येऊन बसून राहिलो," तो हळूच म्हणाला. "मला कायबी दिसंना. हायेत तर खरं, पाण्याकडंला पाय उमटलेत. वैनीला कसं दिसायचं हो?"

 त्या कुठं बघायच्या ते मी कधी बघितलंच नव्हतं; मी त्यांच्या बोटाकडे बघायचो. तसं मी त्याला म्हणालो. त्यानं मान डोलावली. त्याचंही तेच होतं.

ऊन अंगावर आलं तसा मी उठलो. चला, घरी जाऊ, नंतर परत येऊ, असं म्हणालो. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि ऊन लागू नये म्हणून टॉवेल डोक्यावर ओढला. नजर समोरच्या गवतातच होती.

"तुम्ही व्हा म्होरं," तो म्हणाला. "मी बसतो अजून."